महाजालाचे दरवाजे : न्याहाळकांचा इतिहास व आपली निवड



सातबाराचा उतारा पाहणे, मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरणे, बँकेतील शिल्लक तपासणे, आगगाडीचे तिकीट काढणे आणि सकाळचे वर्तमानपत्र वाचणे ही पाच कामे आमच्या लहानपणी पाच ठिकाणी होत असत. तलाठ्याची चावडी, शाळेचे कार्यालय, बँकेची खिडकी, स्टेशन आणि वाचनालय एवढी पायपीट केल्यावाचून ती पुरी होत नसत. आज ती सर्व एका चौकटीत होतात. त्या चौकटीस इंग्रजीत ब्राउझर म्हणतात. मराठीत कित्येकांनी तिला 'न्याहाळक' असे नाव दिले आहे. मूळ इंग्रजी क्रियापदाचा अर्थ जनावराने झाडाचा कोवळा पाला खुडीत हिंडणे असा असून त्यावरूनच पुस्तके चाळीत हिंडणे हा अर्थ पुढे आला. आमचा मराठी शब्द त्याहून गंभीर आहे. न्याहाळणे म्हणजे नीट निरखून पाहणे. आणि ह्या शब्दात एक सत्य अनायासे येऊन गेले आहे, ते असे की, आपण ह्या साधनातून जगास न्याहाळतो त्याच वेळी हे साधनही आपणास न्याहाळीत असते.

पेन्शनीत निघालेल्या शिक्षकाकडे शेजारपाजारचे लोक अर्ज भरून घेण्यास येतात, हा आमच्या शहरातला रोजचा अनुभव आहे. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "गुरुजी, ह्यांतला चांगला कोणता?" क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज, ऑपेरा, ब्रेव्ह अशी नावे पुष्कळ आहेत, आणि सर्व फुकट मिळतात. फुकट मिळणाऱ्या वस्तूंतून निवड करणे हे विकतच्या वस्तूंहून अवघड असते, कारण किंमत हा जो नेहमीचा वाटाड्या तो तेथे नसतो. म्हणून ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी थोडे इतिहासात जाणे भाग आहे.

आपले छत्रपती संभाजीनगर हे बावन्न दरवाजांचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. मलिक अंबराने १६१० साली खडकी येथे हे नगर वसविले, १६१२ साली भडकल दरवाजा उभारिला, आणि पुढे औरंगजेबाच्या काळात तटबंदी होऊन दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा, मकाई दरवाजा असे दरवाजे दिशादिशांस झाले. नगर एक, दरवाजे अनेक. महाजाल हे नगर मानिले, तर न्याहाळक हे त्याचे दरवाजे होत. कोणत्याही दरवाजाने आत शिरले तरी तीच पेठ लागावी, हा नगराचा धर्म. ज्या काळी हा धर्म पाळला गेला त्या काळी सामान्य वाचकाचे कल्याण झाले. आणि ज्या काळी एकाच दरवाजावर सर्व रहदारी आली त्या काळी वाचकाचे, त्यातही मराठी वाचकाचे, नुकसान झाले. आजच्या भाषणाचा सारांश एवढाच आहे. पुढे सांगावयाचे ते त्याचे प्रमाण.

जिनिव्हा शहराजवळ 'सर्न' नावाची भौतिकशास्त्राची मोठी संशोधनसंस्था आहे. तेथील टिम बर्नर्स-ली ह्या इंग्रज संशोधकाने १९८९ साली निरनिराळ्या यंत्रांवरील कागदपत्रे एकमेकांस जोडण्याची योजना मांडली आणि १९९० च्या अखेरीस पहिला न्याहाळक तयार केला. १९९३ च्या ३० एप्रिल रोजी सर्नने ही सारी विद्या कोणताही मोबदला न घेता सर्वांस खुली केली. त्याच वर्षी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन व एरिक बीना ह्यांनी 'मोझेक' नावाचा न्याहाळक केला. मजकूर आणि चित्र ही एकाच पानावर शेजारी शेजारी दाखविण्याची त्याची रीत लोकांस अतिशय आवडली. पुढे अँड्रीसन प्रभृतींनी विद्यापीठाबाहेर पडून १९९४ साली 'नेटस्केप नॅव्हिगेटर' काढिला. १९९५ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टचा 'इंटरनेट एक्स्प्लोरर' आला. आणि त्याच महिन्याच्या १५ तारखेस विदेश संचार निगमाने हिंदुस्थानात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट खुले केले. म्हणजे आपण ह्या नगरात पाऊल टाकिले तेव्हाच त्याच्या वेशीवर दोन कंपन्यांचे युद्ध जुंपलेले होते.

त्या युद्धाचा निकाल गुणांवर लागला असे म्हणता येत नाही. मायक्रोसॉफ्टने आपला न्याहाळक विंडोजबरोबर घरोघर पोहोचविला. जे आयते हाताशी आहे ते टाकून दुसरे आणावयास कोण जातो? अमेरिकन सरकारने १९९८ साली ह्या व्यवहाराविरुद्ध फिर्याद केली, २००० साली न्यायालयाने मायक्रोसॉफ्टला मक्तेदारीच्या गैरवापराबद्दल दोषी धरिले. पण तोवर नेटस्केपचा पाडाव झाला होता. ह्या शतकाच्या आरंभी जगातील दहांपैकी नऊहून अधिक वाचक इंटरनेट एक्स्प्लोररच वापरीत होते. प्रतिस्पर्धी उरला नाही तेव्हा विजेत्याने काय केले? २००१ साली त्याची सहावी आवृत्ती निघाली, आणि सातवी निघावयास २००६ साल उजाडले. मधली पाच वर्षे जग जुन्याच दरवाजाने ये-जा करीत राहिले.

ह्या काळात मराठीचे काय झाले, हे आमच्या तरुण श्रोत्यांस ठाऊक नसेल. देवनागरी अक्षरांस यंत्रात सर्वमान्य क्रमांक देणारी युनिकोड पद्धती १९९१ सालीच प्रसिद्ध झाली होती. परंतु ती प्रत्यक्ष वापरात येण्यास बराच काळ गेला. तोपर्यंत आमच्या वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापला खासगी फॉन्ट वापरीत. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत. वाचकाच्या यंत्रात तो फॉन्ट नसला की अग्रलेखाच्या ठिकाणी इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक ढीग दिसे. पानाबरोबरच फॉन्टही पाठवावा, अशी युक्ती १९९७ च्या सुमारास निघाली; परंतु नेटस्केपची रीत एक आणि एक्स्प्लोररची दुसरी. दोन्ही रीती सांभाळण्याचा खर्च पुष्कळांनी केला नाही. ज्या दरवाजाने अधिक लोक येतात त्याच दरवाजाशी त्यांनी दुकान मांडिले. परिणामी, मराठी वाचावयाचे तर अमुकच न्याहाळक हवा, असा प्रसंग आला. ज्ञानेश्वरांपासून चालत आलेली भाषा वाचण्यास परदेशातील एका कंपनीच्या परवान्याची गरज पडावी, ही गोष्ट लहान नव्हे. त्या पानांतील मजकूर शोधता येत नसे, उतरून दुसरीकडे ठेविता येत नसे, आणि फॉन्ट हरपला की मजकूरही हरपे.

युनिकोड रुळू लागले तरी अडचणी एकदम संपल्या नाहीत. विंडोज एक्सपीत भारतीय लिप्यांची सोय वेगळी चालू करून घ्यावी लागे. ती नसली की 'विद्या' ह्या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी व-च्या डावीकडे न येता उजवीकडे लटके आणि जोडाक्षरे पाय मोडून पडत. मराठीची एक खास गोष्ट पाहा : 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. दोहोंत फरक एका रफाराचा. यंत्राला तो दाखविता आला नाही, तर समुद्र आणि डोंगर एक होतात. ही अक्षरजुळणी आज फायरफॉक्स व क्रोम ह्या दोघांतही 'हार्फबझ' नावाचे एक मुक्त साधन करिते. हे नाव फारसीतील आहे. हर्फ म्हणजे अक्षर व बाझ म्हणजे खुले. वली आणि सिराज ह्यांच्या ह्या शहरास हर्फ हा शब्द परका नाही. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्यांनी एकच खुले साधन वापरावे आणि त्यात आमच्या रफाराचे रक्षण व्हावे, हे मला ह्या इतिहासातील अतिशय समाधानाचे स्थळ वाटते.

एका दरवाजावर विसंबण्याचे फळ आपणच भोगिले असे नाही. दक्षिण कोरियाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस बँकव्यवहारांसाठी स्वतःची सांकेतिक लिपी तयार केली. हेतू स्तुत्य होता. परंतु ती केवळ इंटरनेट एक्स्प्लोररच्या जोडयंत्रातूनच चाले. परिणाम असा झाला की, अत्यंत वेगवान इंटरनेट असलेल्या त्या देशात लोकांस वर्षानुवर्षे तो एकच न्याहाळक ठेवावा लागला. त्या व्यवस्थेच्या मुळाशी असलेली प्रमाणपत्रांची सक्ती २०२० च्या डिसेंबरात रद्द झाली. म्हणजे सोय म्हणून घातलेली बेडी काढण्यास वीस वर्षे लागली.

आता पुढील इतिहास. पराभूत नेटस्केपने १९९८ साली आपली मूळ संहिता सर्वांस खुली केली होती. त्या बीजातून मोझिला संस्थेचा 'फायरफॉक्स' २००४ च्या ९ नोव्हेंबर रोजी जन्मास आला. एकाच खिडकीत अनेक पाने टॅब करून ठेवणे व त्रासदायक जाहिराती आपोआप न उघडू देणे ह्या सोयी त्याने सामान्य माणसाच्या हाती आणिल्या, आणि निजलेल्या मायक्रोसॉफ्टला जाग आणिली. अनेक देशांतील स्वयंसेवकांनी तो आपापल्या भाषांत नेला. त्यांत मराठीही होती. नॉर्वेच्या 'ऑपेरा'ने लहान मोबाइलसाठी 'ऑपेरा मिनी' काढिला. तो पान आधी आपल्या यंत्रावर आवळून घेई व मग पाठवी. महाग आणि मंद इंटरनेटच्या काळात त्याने आपल्याकडील असंख्य लोकांचे पैसे वाचविले. ॲपलचा 'सफारी' २००३ साली आला. २००८ च्या २ सप्टेंबर रोजी गूगलचा 'क्रोम' अवतरला. प्रत्येक टॅब स्वतंत्र ठेवावा, म्हणजे एक कोसळला तरी बाकीचे उभे राहतात, ही त्याची रचना, आणि त्याचा वेगही मोठा. तो लवकरच सर्वांच्या पुढे गेला, आणि आज जगातील सुमारे दोन-तृतीयांश रहदारी त्याच्याच दरवाजाने होते. इंटरनेट एक्स्प्लोररने २०२२ च्या १५ जून रोजी निरोप घेतला.

येथे आपल्या शहरातील दुसरा एक दाखला उपयोगी पडेल. मलिक अंबराने डोंगराकडील पाणी भूमिगत नहरीने खडकीत आणिले. शहरात हौद पुष्कळ झाले, कारंजी पुष्कळ झाली. त्यांतील पुष्कळांचे पाणी मात्र त्या एका नहरीचे. आजच्या न्याहाळकांची स्थिती अशीच आहे. क्रोमच्या पोटातील 'क्रोमियम' ह्या खुल्या संहितेवरच ऑपेरा २०१३ पासून, मायक्रोसॉफ्टचा एज २०२० पासून, आणि ब्रेव्हही चालतो. नावे चार, नहर एक, आणि तिच्या उगमापाशी मुख्य अधिकार गूगलचा. वेगळे पाणी दोनच ठिकाणी मिळते : फायरफॉक्स आणि सफारी. त्यातही सफारी ॲपलच्या यंत्रांपुरता. आणि ह्या दोघांचीही नाळ गूगलच्या तिजोरीशी जुळलेली आहे. शोधासाठी गूगलच पुढे ठेवावे म्हणून गूगलने २०२२ साली एकट्या ॲपलला २० अब्ज डॉलर दिले, असे अमेरिकेतील खटल्यात उघड झाले. आणि मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भागही अशाच करारातून येतो. त्या खटल्यात न्यायाधीश अमित मेहता ह्यांनी २०२४ च्या ५ ऑगस्ट रोजी गूगलला शोधाच्या व्यवसायातील बेकायदेशीर मक्तेदार ठरविले. परंतु २०२५ च्या सप्टेंबरात, क्रोम विकून टाकण्याची सक्ती करण्याचे नाकारिले.

इतके पाहिल्यावर आता रोजच्या वापराची तुलना करू. पहिला गुण वेग. सामान्य पाने उघडण्यात आज ह्यांच्यामध्ये फारसा फरक उरलेला नाही; फरक पडतो तो जुन्या यंत्रावर. क्रोमने २०२३ च्या फेब्रुवारीपासून विंडोज ७ व ८.१ ह्यांची साथ सोडिली. फायरफॉक्सने मात्र आपल्या ११५ व्या आवृत्तीच्या शाखेतून ह्या जुन्या यंत्रांस सुरक्षेची डागडुजी पुढेही दोन वर्षांहून अधिक काळ पुरविली. ज्या शाळेत दहा-बारा वर्षांपूर्वीचे संगणक पोरांच्या हाती असतात, त्या शाळेस ह्या गोष्टीचे मोल कळेल. ज्याला नवी डागडुजी मिळत नाही असा न्याहाळक बँकेच्या कामास कदापि वापरू नये, मग तो कोणाचाही असो.

दुसरा गुण भाषा. परभाषेतील पान मराठीत वाचून दाखविण्यात क्रोम पुढे आहे. गूगलच्या भाषांतरात मराठी २०१३ सालीच आली. पण त्यासाठी पानाचा मजकूर कंपनीच्या यंत्राकडे जातो, हे ध्यानात ठेवावे. फायरफॉक्सने २०२३ साली सुरू केलेले भाषांतर आपल्याच यंत्रावर होते. त्याच्या भाषांची यादी मात्र तोकडी आहे. बातमीसाठी पहिले चालेल. वैद्याच्या अहवालासाठी किंवा कोर्टाच्या कागदासाठी दोनदा विचार करावा.

तिसरा गुण, आणि माझ्या मते थोर गुण, म्हणजे पाळतीपासून संरक्षण. १९९४ साली नेटस्केपमधील लू माँटुली ह्यांनी 'कुकी' नावाची युक्ती काढिली. संकेतस्थळ आपल्या यंत्रात एक चिठ्ठी ठेविते व पुढील खेपेस तीवरून आपणास ओळखते. दुकानदाराने गिऱ्हाइकाची उधारी लक्षात ठेवावी, तसे हे निरुपद्रवी काम. पण पुढे तिऱ्हाईत जाहिरातदार ह्या चिठ्ठ्या सर्वत्र पेरू लागले, आणि आपण कोणत्या आजाराविषयी वाचतो, मुलीच्या लग्नासाठी काय धुंडाळतो, हे सारे एकत्र नोंदले जाऊ लागले. फायरफॉक्सने २०१९ पासून अशा पाळतखोरांस मूळ मांडणीतच अटकाव केला. सफारीने २०२० च्या मार्चपासून तिऱ्हाइतांच्या चिठ्ठ्या सरसकट बंद केल्या. गूगलने २०२० च्या जानेवारीत, दोन वर्षांत आपणही त्या बंद करू, असे सांगितले, मुदत वारंवार पुढे ढकलिली, आणि २०२४ च्या जुलैत तो बेतच सोडून दिला. ज्याचा संसार जाहिरातींवर चालतो त्याने जाहिरातदाराचे डोळे बांधावे, ही अपेक्षाच कदाचित जास्त होती. जाहिराती अडविणारी जी जोडसाधने लोक वापरीत, त्यांच्यावरही क्रोममध्ये नवे निर्बंध आले. फायरफॉक्समध्ये ती पूर्वीप्रमाणे चालतात. 'गुप्त खिडकी'विषयीही एक भ्रम आहे. ती आपल्या यंत्रात इतिहास ठेवीत नाही, एवढेच. इंटरनेट पुरविणाऱ्यापासून वा संकेतस्थळापासून ती आपणास लपवीत नाही.

चौथा गुण स्वावलंबन. केंद्र सरकारने २०२३ च्या ऑगस्टमध्ये स्वदेशी न्याहाळकाची स्पर्धा जाहीर केली. २०२५ च्या मार्चमध्ये झोहो कंपनीस १ कोटी रुपयांचे पहिले पारितोषिक मिळाले. तिच्या न्याहाळकाचे नाव 'उला'; तमिळमध्ये त्याचा अर्थ भ्रमंती. पाळत टाळण्याकडे त्याचा कटाक्ष आहे, ही अभिनंदनीय गोष्ट होय. तथापि त्याचेही पाणी क्रोमियमच्याच नहरीचे आहे. नवा हौद बांधणे सोपे, नवी नहर खणणे कठीण, हे मलिक अंबराने पुरतेपणी जाणिले असते. २०२५ सालीच 'कॉमेट' व 'ॲटलस' असे, आपल्या वतीने स्वतःच कामे करणारे, कृत्रिम बुद्धीचे न्याहाळकही निघाले. एखाद्या लबाड पानातील छुप्या सूचनेस असा नोकर फशी पडू शकतो. म्हणून बँकेची किल्ली त्याच्या हाती देऊ नये.

तर मग माझे उत्तर काय? एकच न्याहाळक सर्वोत्तम आहे, असे सांगणे इतिहासाच्या विरुद्ध जाईल. घरी दोन ठेवावे, आणि ते दोन निराळ्या नहरींचे असावेत. ॲपलचे यंत्र असेल त्याने सफारी, इतरांनी फायरफॉक्स हा नित्य वाचनासाठी व खासगी शोधासाठी ठेवावा; आणि ज्या सरकारी वा बँकेच्या पानास त्यात अडथळा येईल, तेवढ्यापुरता क्रोम किंवा एज उघडावा. नवा न्याहाळक घेतल्यावर पहिली पाच मिनिटे त्याच्या मांडणीत घालवावी : तिऱ्हाइतांच्या चिठ्ठ्या बंद कराव्या, सूचना पाठविण्याची परवानगी नाकारावी, आणि भाषांच्या यादीत मराठी पहिली लावावी. ह्या शेवटच्या गोष्टीस खर्च नाही. पण त्यायोगे ज्या संकेतस्थळापाशी मराठी पान तयार आहे त्यास ते आपणास देण्याची खूण मिळते.

आणि एखाद्या पानावर 'हे केवळ अमुक न्याहाळकातच चालेल' अशी पाटी दिसली, तर निमूटपणे दरवाजा बदलू नये. त्या कार्यालयास दोन ओळींची तक्रार अवश्य लिहावी. आपले वृत्तपत्र आपल्याला एकाच दरवाजाने वाचावे लागे, तो काळ जाऊन फार वर्षे झालेली नाहीत. दरवाजे पडले ते नेहमी तोफांनीच पडले असे नाही. पुष्कळसे, तेथून कोणी येईनासे झाले म्हणून पडले. जे उभे आहेत त्यांची वहिवाट चालू ठेवणे हे मात्र आपल्या हाती आहे.